फी भरली, पण भाकरीचं काय?



बारावीचा निकाल लागला की पातूरच्या घराघरांत एकच विषय असतो. पोरगी पास झाली, आता पुढं काय? बी.ए., बी.कॉम. करायचं तर गावातच कॉलेज आहे. पण कृषी, इंजिनिअरिंग किंवा नर्सिंग म्हटलं की अकोला, अमरावती, नाहीतर त्याहूनही लांब. मग फीची चौकशी होते, ओढूनताणून फी भरलीही जाते. आणि दिवाळीच्या सुमारास पोरगी घरी परत येते, कारण खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे पुरत नाहीत.

हा प्रश्न आजचा नाही. शाळा-कॉलेजं कोणत्या साली निघाली हे इतिहासात लिहिलेलं असतं. पण खेड्यातलं लेकरू तिथं टिकलं कसं, हे समजायचं असेल तर चुलीकडं पाहावं लागतं.

पूर्वी पुण्यासारख्या शहरात गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या. कोणी माधुकरी मागायचे. पण ही सोय जातीपुरतीच होती. कुणब्या-माळ्याच्या, महारा-मांगाच्या पोराला कोण वार देणार? कॉलेज सर्वांसाठी उघडं असलं, तरी रात्री पाठ टेकायला जागा नव्हती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी नेमकं हेच ओळखलं. १९०१ साली त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं आणि पुढं वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहायला मदत केली.

आता आपल्या वऱ्हाडात या. पंजाबराव देशमुखांचा जन्म १८९८ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा. शेतकऱ्याचं घर. पोरगा हुशार निघाला आणि १९२० साली शिकायला विलायतेला गेला. त्यासाठी वडील शामरावांनी वावर गहाण ठेवलं, कर्ज काढलं. पुढं शिष्यवृत्ती मिळाली. ते डॉक्टर झाले, बॅरिस्टर झाले आणि १९२६ साली परत आले. परत आल्यावर सुरुवातीच्याच काळात त्यांनी काय केलं? अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं. कोणत्याही जातीच्या पोरानं यावं, राहावं, जेवावं आणि शिकावं. त्यांची मोठी शिक्षणसंस्था त्यानंतरची. एका पोराच्या शिक्षणापायी वावर कसं गुंततं हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलं होतं. प्रत्येक बापाकडं गहाण टाकायला वावर नसतं, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याच श्री शिवाजी शिक्षण संस्थेचं कॉलेज आज आपल्या पातुरात आहे.

साताऱ्याला भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. पोरं स्वतः राबायची, स्वयंपाकाला हात लावायची, शेतात काम करायची. पुढं १९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज निघालं, तिथंही हीच ‘कमवा आणि शिका’ची रीत. पण त्याआधी वसतिगृहातलं धान्य संपायचं, तेव्हा काय व्हायचं? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला. शेवटी मंगळसूत्रही मोडलं. १९३० साली त्या गेल्या. त्यांच्या चुलीवर जेवलेली पोरं पुढं गावोगावचे मास्तर झाली.

बाबासाहेब आंबेडकरांचंही बघा. १९१३ साली बडोद्याच्या महाराजांनी त्यांना अमेरिकेत शिकायला महिना साडेअकरा पौंड दिले, ते तीन वर्षांसाठी. १९२० साली लंडनला पुन्हा जायचं तेव्हा मुंबईत नोकरी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, असं सगळं जमवून ते गेले. तिथं पोटाला चिमटा घेऊन अभ्यास केला. आणि इकडं मुंबईत रमाबाई पै-पैशाला महाग होऊन घर ओढत होत्या. शिकणाऱ्याचा हिशोब तिकडचा, घराचा हिशोब इकडचा. दुसऱ्या हिशोबाची वही कोणी जपून ठेवत नाही.

मैत्रिणींनो, या बायांपुढं आपण हात जोडतो. पण त्यांच्या गोष्टीचा अर्थ ‘आईनं मंगळसूत्र मोडावं’ असा घेऊ नका. वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या झाल्या त्या याचसाठी, की पुन्हा कोणा लक्ष्मीबाईला दागिना मोडावा लागू नये. १९४४ साली अनुसूचित जातीच्या मुलांसाठी दहावीनंतरची सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. आज अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या लेकरांसाठी राज्याची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, आणि तिला पंजाबरावांचंच नाव दिलं आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी अनुसूचित जातीला ‘स्वाधार’, आदिवासींना ‘स्वयम्’, ओबीसींना सावित्रीबाई फुले ‘आधार’ योजना आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ आहे. पण लक्षात ठेवा, माफ झाली ती फी. भाकर तुमच्याकडंच राहिली.

म्हणून प्रवेशाच्या आधी वहीत दोन रकाने आखा. एकात फी. दुसऱ्यात खोली, जेवण, एसटी, पुस्तकं, परीक्षेचे अर्ज आणि दुखण्याखुपण्याचे थोडे पैसे. दुसरा रकाना दहा महिन्यांचा लिहा, एका महिन्याचा नाही. पातूर ते अकोला तीसेक किलोमीटर आहे. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे आणि विद्यार्थ्यांना सवलतीचा पास मिळतो. रोज जाऊन-येऊन जमतं का, की खोली घेणं परवडेल, हे कागदावर मांडून बघा. जाण्या-येण्यात अभ्यासाचे किती तास जातात, तेही लिहा.

उत्पन्नाचा, जातीचा आणि अधिवासाचा दाखला निकालाच्या आधीच तहसीलमधून काढून ठेवा. पोरीचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, ते तपासा. शिष्यवृत्तीचे पैसे बहुतेक वेळा उशिरा येतात, पण मेसवाली थांबत नाही. मधले ते महिने निभावून नेण्याचं काम बचत गट करू शकतो. गटात दहावी-बारावीला कोणाची पोरगी आहे, हे आत्ताच विचारा आणि तिच्या नावानं कमी व्याजाचं कर्ज राखून ठेवा.

छात्रालय काढायला पंजाबराव लागले. पण एका पोरीची दहा महिन्यांची भाकर दहा बाया मिळून नक्की सांभाळू शकतात. येत्या बैठकीत हा विषय पहिला घ्या.