दशांशचिन्हाचा इतिहास आणि संगणकीय जमाखर्चातील अंकदोष

‘१,२३४’ ही अंकपंक्ती पुण्यातील वाचक ‘एक हजार दोनशे चौतीस’ अशी वाचील. तीच बर्लिनमधील वाचक ‘एक पूर्णांक दोनशे चौतीस सहस्रांश’ अशी वाचील. दोघांचेही वाचन आपापल्या ठिकाणी निर्दोष होय. चिन्हाचे मूल्य चिन्हात नसून ज्या व्यवस्थेत ते वावरते तीत असते, हा सोस्यूरचा सिद्धान्त भाषेच्या अभ्यासकांस परिचित आहे. परंतु अंकलेखन हे त्याला अपवाद असून अंक सर्वत्र एकच बोलतात, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. घरगुती जमाखर्चाची जी सॉफ्टवेअरे गेल्या चार दशकांत प्रचारात आली, त्यांनी या समजुतीची पुरती परीक्षा पाहिली आहे. शिल्लक शंभरपट फुगणे, पैसे गळून केवळ रुपये उरणे, नोंद मुळातच नाकारली जाणे हे दोष वापरणाराच्या निष्काळजीपणाचे वा कार्यक्रमातील किरकोळ चुकीचे म्हणून सांगितले जातात. वस्तुतः त्यांचे मूळ सुमारे चारशे वर्षांच्या इतिहासात आहे.

सिमोन स्टेव्हिन याने १५८५ साली दशांश अपूर्णांकांचा पुरस्कार केला, तेव्हा त्याच्या लेखनात बिंदूही नव्हता आणि स्वल्पविरामही नव्हता. प्रत्येक अंकाचे स्थान तो वर्तुळांकित आकड्याने दाखवीत असे. नेपियरच्या १६१७ च्या ग्रंथात स्वल्पविराम दिसतो, तर त्याच्या मृत्यूनंतर १६१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बिंदू. एकाच ग्रंथकाराच्या नावावर दोन्ही चिन्हे असावीत, यावरून हा प्रश्न त्या काळी कोणास मोठा वाटत नव्हता हे उघड आहे. पुढे लायब्निट्सने १६९८ च्या एका पत्रात, गुणाकाराचे फुलीचे चिन्ह ‘एक्स’ या अक्षराशी घोटाळा करते म्हणून बिंदू सुचविला. युरोप खंडात बिंदू असा गुणाकाराकडे गेला व दशांशासाठी स्वल्पविराम स्थिरावला. इंग्लंडात दशांशाचा बिंदूच राहिला, तोही पुष्कळ काळ ओळीच्या मध्यावर उंच छापलेला. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय वजनमापे परिषदेने हा तंटा मिटविला नाही, त्याची नोंद घेतली: फ्रेंच पद्धतीचा स्वल्पविराम वा ब्रिटिश पद्धतीचा बिंदू, दोन्ही ग्राह्य; गट पाडावयाचे तर मोकळी जागा सोडावी, गटांमध्ये चिन्ह घालू नये. २००३ च्या ठरावाने हीच भूमिका पुन्हा मांडली. शास्त्रज्ञांनी हे बहुतांशी मानले; हिशेबनिसांनी मानले नाही, आणि त्यात त्यांचे फारसे चुकले असे म्हणता येत नाही. हाताने लिहिलेल्या रकमेतील मोकळ्या जागेत एखादा अंक सहज घुसडता येतो.

भारतात या प्रश्नाला निराळे वळण मिळाले. रुपया, आणे, पै यांचा हिशेब सोळा व बारा यांच्या पटीत चाले. एका रुपयाच्या १९२ पै होत. मोडी व देवनागरी जमाखर्चात पाव, अर्धा, पाऊण आणि आणे यांसाठी रेघांची स्वतंत्र चिन्हे होती. (ही चिन्हे २००९ साली युनिकोडमध्ये समाविष्ट झाली.) १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, आणि रुपयानंतरचा बिंदू शालेय गणितातून किराणा दुकानाच्या वहीपर्यंत पोहोचला. गटांची पद्धत मात्र जुनीच राहिली. शेवटचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोनांचे गट पाडणे, म्हणजे १२,३४,५६७ असे लिहिणे, हे हजार, लाख, कोटी या संख्यावाचकांना अनुसरून आहे. तथापि अंकलेखन नेहमी भाषेमागून चालते असे नाही: जपानी भाषा दहा हजारांच्या पटीत मोजते, पण जपानी हिशेबात गट तिनाचेच पडतात. गोव्यात १९६१ पूर्वीच्या शेवटच्या काही वर्षांत एस्कुदो हे चलन होते. त्याच्या लेखनात पूर्ण रक्कम व सेंताव्हो यांच्यामध्ये बिंदू वा स्वल्पविराम नव्हे, तर खुद्द चलनाचे चिन्ह बसत असे.

संगणकाने ही विविधता प्रथम दुर्लक्षिली आणि मग तिची यादी केली. सी या संगणकभाषेच्या १९८९ च्या अमेरिकन प्रमाणकात ‘लोकेल’ ही संकल्पना आली. तीत दशांशचिन्ह, गटचिन्ह व गटातील अंकसंख्या यांचे वेगवेगळे रकाने असून सामान्य संख्या आणि पैशांच्या रकमा यांसाठी दशांशचिन्हही स्वतंत्रपणे सांगता येते. प्रथम तीन, नंतर दोन-दोन, ही भारतीय रीतही त्यात बसते. परंतु प्रत्येक कार्यक्रम आरंभी ‘सी’ नावाच्या मूळ लोकेलमध्ये असतो, आणि तेथे बिंदू हेच एकमेव दशांशचिन्ह होय.

याचा परिणाम ‘१२,५०’ या रकमेवर पाहावा. स्वल्पविराम दशांशचिन्ह मानणारा कार्यक्रम ती साडेबारा वाचतो. स्वल्पविराम गटचिन्ह समजून गाळणारा तीच बाराशे पन्नास वाचतो. मूळ लोकेलमधील वाचनक्रिया स्वल्पविरामापाशी थांबते व बारा एवढीच संख्या हाती देते. पुढील भाग टाकून दिल्याची सूचना वापरणारास मिळेलच असे नाही. तिसरा दोष सर्वांत घातक, कारण रक्कम विचित्र दिसत नाही.

जर्मनीत नोकरीस असलेल्या मराठी गृहस्थाने तेथील बँकेचा उतारा भारतीय मांडणीच्या कार्यक्रमात घेतला, तर हे तिन्ही प्रकार संभवतात; शिवाय फाईलमधील रकाने स्वल्पविरामाऐवजी अर्धविरामाने विभागलेले असल्यास ते एकमेकांत मिसळतात. द्विनोंदी पद्धतीचे संरक्षण येथे निरुपयोगी ठरते. आयात केलेल्या नोंदीच्या दोन्ही बाजू एकाच चुकीच्या वाचनातून निघतात, म्हणून जमा व नावे यांचा ताळा बिनचूक जमतो. चूक दिसते ती केवळ बँकेच्या शिलकेशी पडताळणी केल्यावरच. तेव्हा शोधाची दिशा दोषाच्या आकारावरून ठरवावी. रकमा शंभरपट झाल्या असतील तर दशांशचिन्ह गटचिन्ह म्हणून गाळले गेले आहे. हजाराखालील रकमा बरोबर आणि वरच्या तेवढ्या चुकीच्या असतील तर दोष गटचिन्हाचा आहे. सर्वच नोंदींतून पैसे नाहीसे झाले असतील तर वाचन मध्येच थांबले आहे.

काही दोष डोळ्यांना दिसतही नाहीत. फ्रेंच लेखनात गटांमध्ये मोकळी जागा असते. युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहाने २०१८ साली तेथे अरुंद, न तुटणारी जागा हे निराळे वर्ण ठरविले. परिणामी कार्यक्रमाने स्वतः दाखविलेली रक्कम जशीच्या तशी टंकित केली, तरी ती नाकारली जाऊ शकते. मराठीचा प्रश्न याहून खोल आहे. त्याच संग्रहात मराठीसाठी देवनागरी अंक हे मूळ अंक धरले आहेत, हिंदीसाठी नाहीत. पायथन भाषेतील पूर्णांकवाचन ‘१२५’ ही पंक्ती बिनतक्रार स्वीकारते. जावास्क्रिप्टमधील संख्यावाचन तिला संख्याच मानीत नाही. मराठी मांडणीत दाखविलेली रक्कम पुन्हा वाचताना हरवते ती येथे.

या साऱ्यातून मार्ग काढताना काही कार्यक्रमांनी लेखन व साठवण यांची फारकत केली. १९९८ पासून प्रचारात असलेल्या ग्नूकॅश या मुक्त सॉफ्टवेअरच्या एक्सएमएल फाईलमध्ये साडेबारा ही रक्कम ‘१२५०/१००’ अशा अंश-छेदाच्या रूपात राहते. तेथे बिंदूही नाही, स्वल्पविरामही नाही. उतारा आयात करताना मात्र तो कार्यक्रम वापरणारासच विचारतो की रकमा कोणत्या पद्धतीने लिहिल्या आहेत: यंत्राच्या लोकेलप्रमाणे, बिंदूच्या की स्वल्पविरामाच्या. हा प्रश्न पुष्कळांना अनावश्यक वाटतो व ते पहिला पर्याय तसाच ठेवून पुढे जातात. उतारा ज्या देशातील बँकेने तयार केला त्या देशाची रीत तेथे निवडावयाची असते, आणि ती ‘१,२३४’ या पंक्तीकडे कितीही वेळ पाहून कळत नाही.