प्रौढ शिक्षणाची वाट कुठे अडते?

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील साक्षरता सुमारे ८३ टक्के होती. पुरुषांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असताना महिलांत ते ७५ टक्क्यांच्या घरातच होते. म्हणजे सात वर्षांवरील दर चार महिलांपैकी एक निरक्षर होती.

योजनांची वानवा कधीच नव्हती. राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम (१९७८), राष्ट्रीय साक्षरता अभियान (१९८८), साक्षर भारत (२००९) आणि २०२२ पासूनचा नवभारत साक्षरता कार्यक्रम अशी त्यांची परंपरा आहे. तरीही प्रौढांची पावले वर्गापाशी अडखळतात.

पहिला अडसर वेळेचा. सोयाबीनची पेरणी आणि सोंगणी, पुढे तुरीचा हंगाम यांत मजुरी बुडवून वर्गात बसणे परवडत नाही. दुसरा अडसर भाषेचा. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. तांड्यावर घरची बोली गोरमाटी, तर वाचनपाठ प्रमाण मराठीत. त्यामुळे अक्षर आणि भाषा ही दोन ओझी एकदमच उचलावी लागतात. तिसरा अडसर संकोचाचा. नातवंडांच्या वयाच्या मुलांदेखत पाटी धरणे अनेकांना जड जाते.

हे अडसर दूर होऊ शकतात. ठाणे जिल्ह्यातील फांगणे (ता. मुरबाड) येथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. घरकाम आटोपल्यावर दुपारी भरणाऱ्या वर्गात गुलाबी साडीचा गणवेश नेसून आज्या एकत्र बसू लागल्या आणि संकोचाची जागा अभिमानाने घेतली. डेन्मार्कमध्ये १८४४ पासून सुरू झालेल्या लोकशाळांनी शेतकरी तरुणांना हिवाळ्यात, शेतीची कामे थंडावल्यावर शिकविले, तेही परीक्षेविना. नवभारत साक्षरता कार्यक्रमात मात्र वाचन, लेखन व संख्याज्ञानाची १५० गुणांची चाचणी असते. प्रमाणपत्राची ओढ काहींना पुढे नेते, तर परीक्षेची धास्ती काहींना मागे खेचते.

मुख्य प्रश्न त्यानंतरचा आहे. वापराविना अक्षरे विसरली जातात. बचत गटाचे हिशेब, बँकेची पावती, सातबारा, मोबाइलवरील संदेश हे सारे स्वतः वाचता येऊ लागले, तर शिकण्याचा लाभ रोज हाती पडतो. वर्गाची वेळ पिकांच्या हंगामाशी आणि शिकविण्याची भाषा घरच्या बोलीशी जुळली, तरच अंगठ्याच्या जागी आलेली सही टिकून राहील.