फायलेरिया आणि मलेरिया : शब्द कुठे तोडायचा?

"मलेरियाच्या गोळ्या घेतल्या ना डॉक्टर, घरी वाटायला आले होते तेव्हा!" भंडारा जिल्ह्यात असे कुणी म्हणाले की विचारावे लागते, नक्की कोणत्या गोळ्या? घरोघरी वाटल्या जातात त्या बहुधा हत्तीरोगाच्या, म्हणजे फायलेरियाच्या. दोन्ही आजार डासांमुळे होतात आणि नावेही यमक जुळल्यासारखी आहेत. गोंधळ होणारच.

म्हणून हे शब्द जरा तोडून पाहा. मलेरिया तुटतो तो मल-आरिया असा. इटालियनमध्ये 'माला आरिया' म्हणजे वाईट हवा. दलदलीच्या हवेमुळे ताप येतो, असा तेव्हाचा समज. 1897 साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले, पण चुकीचे नाव कायमचे चिकटले. फायलेरियात मात्र हवा नाहीच! तो तुटतो फिलार-इया असा. लॅटिनमध्ये 'फिलम' म्हणजे धागा. हा जंत धाग्यासारखाच असतो.

रिपोर्टवरचे लांबलचक नाव आता सोपे जाईल: लिम्फॅटिक, फिल-राय-असिस. जोर 'राय'वर द्या. लिम्फ म्हणजे लसीका. मोठे जंत लसीकावाहिन्यांत राहतात, म्हणून पाय सुजतो. शेवटचे 'आयसिस' आजार दाखवते. जंताचे नाव वुकेरेरिया बॅन्क्रॉफ्टी, म्हणजे दोन डॉक्टरांची आडनावे. वुकेरर यांना 1866 मध्ये ब्राझीलमध्ये रुग्णाच्या लघवीत जंताची पिल्ले दिसली, बॅन्क्रॉफ्ट यांना 1876 मध्ये ऑस्ट्रेलियात मोठा जंत. मधल्या काळात, 1872 साली, कलकत्त्यात टिमथी लुईस यांना तीच पिल्ले माणसाच्या रक्तात आढळली. पुढे पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये दाखवले की ती डासाच्या शरीरात वाढतात आणि आपल्या रक्तात मुख्यतः रात्री येतात.

आरोग्य कर्मचारी रात्री रक्ताचा नमुना घ्यायला येतात ते यासाठीच. मलेरियाची तपासणी दिवसाही होते, ही मात्र नाही. तेव्हा त्यांना "सकाळी या" म्हणून परत पाठवू नका.

गोळीचे नाव डाय-इथाइल-कार्बामॅझीन, सुटसुटीत डीईसी. सोबत अल्बेंडाझोल असते. जेवण झाल्यावर, कर्मचाऱ्यांसमोरच गिळा. दोन वर्षांखालील बाळे, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्तींना मात्र ती देत नाहीत. घरात असे कुणी असेल तर आधीच सांगा.