डर्वेंटकाठची रेशीमगिरणी

गिरणीची कुळकथा सांगताना आपण कापसापासून सुरुवात करतो. पण इंग्लंडमधला पहिला भरभराटीला आलेला यंत्रचलित कारखाना रेशमाचा होता. डर्बी गावात, डर्वेंट नदीतल्या बेटावर तो 1721 च्या सुमारास उभा राहिला.

कोशातून उलगडलेला रेशीमतंतू ताण्यासाठी फार नाजूक. म्हणून आधी एकेका धाग्याला पीळ द्यायचा, मग दोन धागे जोडून उलट पीळ द्यायचा. दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात आणि धागा मागावरची ओढ सोसतो. पाण्याच्या जोरावर हा पीळ भरण्याची विद्या इटलीत, विशेषतः बोलोन्यात, पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती. व्हित्तोरिओ झोंका यांच्या 1607 च्या पुस्तकात या यंत्राचं चित्रही छापलेलं होतं. पण चित्रावरून यंत्र चालत नाही. डर्बीतच थॉमस कॉचेट यांचा आधीचा प्रयत्न फसला होता. अखेर जॉन लोंब इटलीला गेला आणि यंत्राचे आराखडे गुपचूप उतरवून परतला. त्याचा सावत्रभाऊ थॉमस याने 1718 मध्ये चौदा वर्षांचं पेटंट मिळवलं.

इमारत पाच मजली. खालच्या दोन मजल्यांवर पीळ देणारी गोल यंत्रं, वरच्या तिन्हींवर धागा गुंडाळणारी, आणि या सगळ्यांना फिरवणारं पाणचक्र एकच. घरोघरी, ज्याच्या त्याच्या सवडीने चालणारं काम एका छपराखाली आलं आणि नदीच्या वेगाला बांधलं गेलं. कारखाना या कल्पनेचा गाभा तो हाच.

1722 मध्ये जॉन वारला. इटालियनांनी विष घातल्याची वदंता आहे, पुरावा नाही. 1732 मध्ये संसदेने पेटंटची मुदत वाढवायला नकार दिला, पण थॉमसला 14,000 पौंड दिले. अट एकच: यंत्राचा नमुना सर्वांना पाहता यावा. मग स्टॉकपोर्ट, मॅकल्सफील्ड इथेही रेशीमगिरण्या निघाल्या.

या वैभवाची दुसरी बाजू विल्यम हटन यांनी लिहून ठेवली आहे. 1730 मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी ते इथे कामाला लागले. यंत्रापर्यंत हात पोहोचेना, म्हणून त्यांच्या पायांना उंच तळाच्या खडावा बांधल्या होत्या. त्या ओढत त्यांनी दिवस काढले. कारखान्याच्या जन्माइतकीच बालमजुरी जुनी आहे, हे या कथेतून गाळून चालणार नाही.

1910 च्या आगीत गिरणी जळाली आणि पुन्हा बांधली गेली. 2001 पासून डर्वेंट खोऱ्यातल्या गिरण्या जागतिक वारसा आहेत; 2021 पासून इथे ‘म्युझियम ऑफ मेकिंग’ आहे. तिकडे गेलात तर पायातल्या दगडी कमानी जरूर पाहा. लोंब यांच्या मूळ गिरणीच्या आहेत त्या.