एकतारीवरील भीमगीत आणि त्याची मिरवणुकीतील रूपे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीस परिषद भरली, तेव्हा अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर होता. पुढील दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. त्यानंतर वामनदादा कर्डकांची गीते आणि कालांतराने स्वस्त ध्वनिफिती आल्या. अमरावतीचेच सुरेश भट यांनी भीमवंदना लिहिली, ती मात्र प्रमाण मराठीत.

कडुबाई खरात यांच्या गीताची भाषा निराळी आहे. औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) या गायिकेचे, भीमाने सोन्याने ओटी भरल्याचे सांगणारे गाणे भ्रमणध्वनीवरील चित्रफितींतून घरोघर पोचले. साथीला केवळ एकतारी. 'मह्या', 'भिमानं' ही त्यातील रूपे बोलीची होत. वऱ्हाडीत पहिले रूप दीर्घ स्वराने 'माह्या' असे होते, तर दुसऱ्यातील 'नं' हा तृतीयेचा प्रत्यय जसाच्या तसा आढळतो. त्यामुळे अकोल्याच्या श्रोत्यास ही भाषा परकी वाटण्याचे कारण नाही. ओटीची प्रतिमा तर विशेष विचारार्ह आहे. खण, नारळ, तांदूळ यांची ओटी हा रूढीने सवाष्णीचा मान. विधवेस तो नाही. येथे ओटी भरणारा भीम आहे आणि त्याने कोणतीही अट घातलेली नाही.

या गीताची डीजे-मिश्रणे पुढे निघाली. मिश्रणात लय वाढविली जाते, एकतारीचा नाद ढोलाच्या यांत्रिक ठोक्याखाली दबतो, कडवी गळतात आणि ध्रुवपद पुनःपुन्हा येते. नृत्यासाठी हे सोयीचे खरे, परंतु कडव्यांतून उलगडणारे कथन त्यात लोपते. रसिकांची ही तक्रार रास्तच होय. तथापि भाषेच्या दृष्टीने उलट घडले आहे. जे उरले त्या ध्रुवपदातच बोलीची रूपे आहेत, आणि यंत्राने 'मह्या'चे 'माझ्या' केलेले नाही. अमरावतीचा इर्विन चौक किंवा अकोल्याची अशोक वाटिका येथे १४ एप्रिलला जमणाऱ्या समुदायापुढे, एरवी ग्राम्य ठरविली गेलेली रूपे अशा मिश्रणांतून सर्वांत मोठ्या आवाजात उच्चारली जातात.

हानी अन्यत्र झाली आहे. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने, सादरकर्ता म्हणून आपली ओळख सांगण्याचा हक्क कलाकारास दिला. अशा मिश्रणांत गाणे मध्येच थांबवून नावाचा पुकारा करण्याची रीत आहे. ते नाव बहुधा डीजेचे असते.