अतिकालिक वेतन (ओव्हरटाइम)

ठरलेल्या वेळेपलीकडे केलेल्या कामासाठी नेहमीपेक्षा चढ्या दराने मिळणारे वेतन. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९१९ च्या पहिल्या करारात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा व जादा कामाला किमान सव्वापट दर होता. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ ने दुप्पट दर ठरवून दिला. त्या अधिनियमानुसार दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांवरील काम त्यात मोडत असे (पहा : कामाचे तास). दर काढताना मूळ वेतन व भत्ते धरत, बोनस धरत नसत. दुप्पट दराने तासाला १०० रु. मिळवणारा कामगार पाळी संपल्यावर तीन तास थांबला, तर त्याला ६०० रु. मिळायला हवेत; साध्या दराने ते ३०० च होतात.

जादा कामावरील वादाचे एक मूळ या फरकात आहे. एप्रिल २०२० मध्ये गुजरात सरकारने बारा तासांची पाळी व जादा कामाला साधा दर लागू केला. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी तो आदेश रद्द केला. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुप्पट दर कायम ठेवून, दैनिक मर्यादा बारा तासांपर्यंत व तिमाही जादा काम ११५ वरून १४४ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. त्यासाठी कामगाराची संमती आवश्यक ठरवली. तास वाढवण्याच्या समर्थनार्थ उद्योजक गुंतवणूक आणि मागणीतील चढउतार पुढे करतात. कामगार संघटनांचा आक्षेप अधिक मूलभूत आहे : कंत्राटी कामगाराला नकार देणे परवडत नाही (पहा : कंत्राटी कामगार), आणि तीन पाळ्यांच्या दोन झाल्या की एका पाळीचा रोजगार जातो.