महिनाभराचं युद्ध, 27 वर्षांचा कायदा

आजची गोष्ट सुरू होते दागिन्यांच्या एका शोरूममध्ये.

माझ्या आत्याला तिच्या लग्नातल्या पाटल्या मोडून नातीसाठी काहीतरी करायचं होतं. मी सोबत गेलो होतो. हल्ली दुकानात एक मशीन असतं, दागिना आत ठेवला की स्क्रीनवर सोन्याची टक्केवारी दिसते. स्क्रीनवर आकडा आला 58. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, अगदी हळू आवाजात म्हणाला, "आजी, तुम्हाला त्या वेळच्या सोनाराने फसवलंय हो."

आत्या काहीच बोलली नाही. पाटल्या तिने पिशवीत टाकल्या आणि उठली. कारण त्या वेळचा सोनार म्हणजे तिचे वडील. माझे आजोबा. कोकणातल्या एका छोट्या गावात त्यांचं दुकान होतं, आणि लेकीच्या पाटल्या त्यांनी स्वतःच्या हाताने घडवल्या होत्या.

रिक्षात मी गप्प बसलो, पण तो आकडा डोक्यातून जाईना. भेसळ करणारा माणूस 70 ठेवेल, 80 ठेवेल. बरोबर 58 कसे? मग मोबाईलवर भागाकार केला. 14 भागिले 24. उत्तर 58.33 टक्के. म्हणजे 14 कॅरेट. आणि लग्नाचं साल 1964. इथे ट्यूब पेटली.

आता थोडं मागे जाऊ. ऑक्टोबर 1962 मध्ये चीनने हल्ला केला. 26 ऑक्टोबरला देशात आणीबाणी जाहीर झाली. (1975 ची आणीबाणी आपल्याला पाठ असते, ही आठवत नाही.) पाठोपाठ भारत संरक्षण कायदा आणि त्याखालचे नियम आले. बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून संरक्षण निधीत दिले. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

सरकारला आणखी सोनं हवं होतं, कारण परकीय चलनाची टंचाई होती. म्हणून नोव्हेंबर 1962 मध्ये सुवर्ण रोखे काढले. सोनं द्या, 15 वर्षांचा रोखा घ्या, साडेसहा टक्के व्याज. ऐकायला बरं वाटतं. पण तुमच्या सोन्याची किंमत धरली जाणार होती आंतरराष्ट्रीय अधिकृत दराने, म्हणजे 10 ग्रॅमला 53 रुपये 58 पैसे. त्या वेळी मुंबईच्या बाजारात भाव याच्या दुपटीहून जास्त होता. तुम्हीच सांगा, शंभराची वस्तू पन्नासला कोण देईल? लोकांनी देशासाठी फुकट दिलं, पण या सौद्याला बहुतेकांनी हात जोडले.

21 नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. युद्ध महिनाभरात संपलं. आणि सुवर्ण नियंत्रणाचे नियम कधी आले? जानेवारी 1963 मध्ये. तोफा थंडावल्यावर दीड महिन्याने, पण संरक्षण नियमांच्याच छत्रीखाली. अर्थमंत्री होते मोरारजी देसाई. नवा दागिना 14 कॅरेटच्या वर घडवायचा नाही, हा त्यातला सगळ्यात झोंबणारा नियम.

मोरारजींची बाजूही नीट मांडली पाहिजे. सोन्याची आयात बंद होती, तरी चोरट्या वाटेने सोनं येतच होतं आणि त्याच्यापायी देशाचं परकीय चलन बाहेर जात होतं. ही अडचण खरी होती. शिवाय सोन्याचा मोह हा समाजाला लागलेला रोग आहे, असं ते मनापासून मानत. त्यांचा हिशोब असा: दागिन्यात सोनं कमी झालं की हौस कमी होईल, हौस कमी झाली की चोरटा धंदा आपोआप बसेल.

पण 22 कॅरेटचं सोनं मऊ. आपल्याकडच्या सोनाराचा हात त्याच मऊपणावर तयार झालेला. 14 कॅरेटमध्ये जवळजवळ 42 टक्के तांबं, चांदी वगैरे. धातू कडक होतो, रंग उतरतो. आणि गिऱ्हाईक? आपल्याकडे दागिना म्हणजे नुसता शृंगार नाही, बाईची बँक आहे. अडीनडीला गहाण ठेवायची वस्तू. निम्म्या सोन्याची बँक कोण काढेल? कामं थांबली. लाखो सोनार एका नियमाने बेकार झाले. अनेकांनी आत्महत्या केल्या, संसदेत त्यावर गदारोळ झाला, मोर्चे निघाले. पुढे सवलती आल्या आणि 1966 मध्ये 14 कॅरेटची अट गेली. आत्याचं लग्न बरोबर त्या फटीत सापडलं.

अट गेली, पण नियंत्रण गेलं नाही. युद्धकाळाचे नियम संपणार म्हणून 1965 मध्ये वेगळा कायदा केला. जानेवारी 1968 मध्ये ती आणीबाणी उठली आणि त्याच वर्षी आला सुवर्ण नियंत्रण कायदा, 1968. अर्थमंत्री कोण? पुन्हा मोरारजी. घरात सोन्याची बिस्किटं, लगड ठेवायची नाही. एका माणसाकडे 2 किलोच्या वर किंवा कुटुंबाकडे 4 किलोच्या वर दागिने असतील तर सरकारला कळवायचं. सोनाराला प्रमाणपत्र, व्यापाऱ्याला परवाना, रोजच्या नोंदी, अधिकाऱ्याला झडतीचा अधिकार. 1969 मध्ये सुप्रीम कोर्टाने यातली काही कलमं रद्द केली, पण कायदा उभा राहिला.

अमेरिकेत रॉबर्ट हिग्ज नावाचा एक लिबर्टेरियन अर्थ-इतिहासकार आहे. लिबर्टेरियन म्हणजे, थोडक्यात, माणसाची कमाई आणि मालमत्ता त्याची, सरकारने शक्य तितकं कमी नाक खुपसावं, असं मानणारे. 1987 च्या त्याच्या पुस्तकात एक मुद्दा आहे, ज्याला 'रॅचेट' म्हणतात. सायकलचं फ्रीव्हील आठवा: एका दिशेला फिरतं, उलट दिशेला अडकतं. युद्ध किंवा संकट आलं की सरकारचे अधिकार वाढतात, संकट टळल्यावर थोडे कमी होतात, पण मूळ जागेवर परत येत नाहीत. त्याच्याच देशातलं सोन्याचं उदाहरण घ्या. 1933 मध्ये रूझवेल्टने लोकांना जवळचं सोनं जमा करायला लावलं, तेव्हा आधार घेतला 1917 च्या, पहिल्या महायुद्धात शत्रूशी व्यापार रोखण्यासाठी केलेल्या कायद्याचा. लोकांना दिले एका औंसाला 20.67 डॉलर, आणि पुढच्याच वर्षी अधिकृत भाव केला 35. सामान्य अमेरिकन माणसाला सोनं बाळगायची मोकळीक परत मिळाली 1974 च्या शेवटच्या दिवशी. आणि गंमत बघा, आपल्या रोख्यांचे ते 53 रुपये 58 पैसे म्हणजे याच 35 डॉलरचं रुपयांतलं रूप.

आपल्याकडे अशी आणखी उदाहरणं आहेत. दुसऱ्या महायुद्धातले नियंत्रणाचे नियम 1946 मध्ये एका कायद्यात गेले, ज्याच्या नावातच 'तात्पुरते अधिकार' असे शब्द होते. त्याचाच वारस 1955 चा जीवनावश्यक वस्तू कायदा. कांद्यावर साठ्याची मर्यादा आली की आपला शेतकरी ज्याच्या नावाने बोटं मोडतो, तोच. शरद जोशी आयुष्यभर ज्या गोष्टींविरुद्ध बोलले, त्यातली ही एक.

चोरट्या सोन्याचं काय झालं? ते वाढलं. दुबईहून दहा तोळ्यांची बिस्किटं गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरत राहिली. हाजी मस्तान हे नाव तुम्ही सिनेमांमुळे ओळखता; तो याच जमान्यातला. मग तस्करांना आवरायला 1974 मध्ये आणखी एक कायदा आला, कोफेपोसा, ज्यात खटल्याशिवाय डांबून ठेवता येतं. तो अजून आहे. हिग्जला हे वाचायला दिलं तर तो फक्त मान हलवेल.

पण एका जागी मला त्याचं चाक अडखळताना दिसतं. सुवर्ण नियंत्रण शेवटी उठलं. जून 1990 मध्ये. आणि ते उठवणारे अर्थमंत्री कुठले बाजारवादी नव्हते. ते होते मधू दंडवते, राजापूरचे खासदार, पक्के समाजवादी, मोरारजींच्याच मंत्रिमंडळात रेल्वेमंत्री राहिलेले. कायद्याने हेतू साधला नाही आणि छोट्या कारागिरांना त्रास झाला, हे त्यांच्या सरकारने मान्य केलं. राजाजी आणि मिनू मसानींचा स्वतंत्र पक्ष 1959 पासून परवाना राज्याविरुद्ध ओरडत होता, त्यांना जे जमलं नाही ते एका समाजवाद्याने केलं. तेव्हा फ्रीव्हील उलटंही फिरतं, फक्त 27 वर्षं लागतात. तोवर आजोबांनी दुकान बंद करून टाकलं होतं.

(आज हेच 14 कॅरेट तुम्ही ॲपवरून हौसेने मागवता, 'लाइटवेट' म्हणून. घ्या की, आवडलं तर. आत्याला निवड नव्हती.)

हे सगळं मी तिला समोर बसून सांगितलं. भागाकारही करून दाखवला. तिने तो दोनदा करायला लावला. मग विचारलं, "पण दादांनी मला सांगितलं का नाही?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. लाज वाटली असेल. लेकीच्या लग्नात स्वतः सोनार असून निम्मं सोनं द्यायचं.

पाटल्या मोडायचा बेत तिने रद्द केलाय. पण रविवारी आम्ही त्या शोरूममध्ये पुन्हा जाणार आहोत. काउंटरवरच्या त्या मुलाला काहीतरी सांगायचंय म्हणते.